झाशीतल्या खोल्या आणि आपली पेन्शन

झाशीत पोस्टिंग आली की छावणीबाहेर प्रॉपर्टी डीलर गाठतोच. "साहेब, दोन खोल्या बांधा, घरबसल्या भाडं खा!"

हिशोब करा. २० लाख घातले, भाडं महिना ५ हजार. वर्षाला ६० हजार, म्हणजे ३ टक्के. बँकेची ठेव याहून जास्त देते आणि तिचा नळ गळत नाही.

इथे सातबारा नाही, खतौनी असते. कलम ८० खाली शेतजमीन अकृषिक झाली का, विकास प्राधिकरणाने नकाशा मंजूर केला का, हे डीलर आपणहून सांगत नाही. भाव वाढेल म्हणतो. वाढेलही, पण बदलीनंतर ताबा कोण राखणार?

अर्धी पेन्शन विकून आलेला हा पैसा आहे. खोल्या बांधायच्याच तर आपल्या तालुक्याला बांधा. जी चौकी राखता येत नाही, ती घेऊ नये.