मंडळाची कॉफी

मंडळी, संस्कृती टिकवण्याबद्दल या अंकात इतर लोक लिहितीलच. मला कॉफीबद्दल लिहायचं आहे. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाचा एवढा हट्ट चालवून घ्या.

आपल्या कार्यक्रमाच्या दिवशी हॉलमध्ये दुपारी स्टीलचा मोठा अर्न लागतो आणि रात्री नाटक संपेपर्यंत त्याचा लाल दिवा जळत असतो. मध्यंतरात त्यातून काळं, कडू आणि वर आंबट असं काहीतरी कागदी कपात पडतं. तरी कुणीतरी हमखास म्हणतं, "वा, आज कॉफी कडक झालीय!"

माझं भांडण या 'कडक'शी आहे. कडू म्हणजे जोरदार, अशी आपली समजूत. पण कॉफीच्या कडवटपणात कॅफीनचा वाटा जेमतेम १५ टक्के. बाकीचा बहुतेक कडूपणा भाजताना तयार होतो. कच्च्या हिरव्या बीमध्ये क्लोरोजेनिक आम्लं भरपूर असतात. भाजणी २०० अंश सेल्सियसच्या आसपास गेली की त्यांतून पाणी निघून जातं आणि लॅक्टोनं बनतात. मध्यम भाजलेल्या कॉफीचा सुखद कडूपणा मुख्यतः त्यांचा. त्यापुढेही भाजत राहिलं की फेनिलइंडेन नावाची संयुगं होतात. यांचा कडूपणा जिभेवरून हलत नाही. कॅफीन मात्र या सगळ्यात जवळजवळ होतं तेवढंच राहतं. भाकरी करपली म्हणून तिच्यातली ज्वारी वाढत नाही, तसंच.

आता तो अर्न. तयार कॉफी तासन् तास गरम ठेवली की भाजताना बनलेली लॅक्टोनं पाणी घेऊन पुन्हा आम्लं होतात. त्यातलंच एक क्विनिक आम्ल. तो आंबटपणा हा. आणि सुगंध? १९२०च्या दशकात श्टाउडिंगर आणि राइखश्टाइन या दोघांनी झ्युरिकमध्ये कॉफीच्या वासाचा पिच्छा पुरवला. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामांसाठी. त्यांना सापडलेल्या द्रव्यांत फुरफुरिल थायॉल हे गंधकाचं संयुग होतं. अगदी कणभर पुरतं, पण टिकाऊ नाही. गरम कॉफीतल्याच तपकिरी रंगद्रव्यांना ते चिकटून बसतं आणि वास नाहीसा होतो. थर्मासमध्ये आम्लाची वाढ थोडी आटोक्यात राहते, पण वास तिथेही फार तग धरत नाही. उपाय एकच, थोडी करा आणि ताजी करा.

हे आपल्या मुलांना केव्हाच कळलं आहे. ती छोटीशी महागडी पिशवी आणतात, काट्यावर ग्रॅम मोजतात, पाण्याचं तापमान बघतात, आणि आपण त्यांना "काय ही थेरं!" म्हणतो. माझ्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी इतकं नेटकं वजन करत नसत.

मुलांनो, तुम्हीही एक ऐका. आईच्या जायफळ घातलेल्या दुधाळ कॉफीला हसू नका. दुधातलं केसीन कॉफीतला तुरटपणा धरून ठेवतं आणि जायफळाची सुगंधी तेलं दुधाच्या स्निग्धांशात छान उतरतात. फक्त जायफळ त्या वेळी किसलेलं हवं, डबीतली जुनी पूड नको.

आणखी एक गोष्ट, आणि ही चवीची नाही. आपल्यातले निम्मे लोक आता साठीच्या पुढचे आहेत. रात्री आठला घेतलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मं रात्री एकलाही अंगात असतं; काही औषधांवर असलेल्यांच्या अंगात त्याहून अधिक. आणि मग सकाळी "झोप लागत नाही हो" हे फोन सुरू. डिकॅफमध्ये थोडं कॅफीन उरतं, पण फारच थोडं. ते वेगळ्या थर्मासमध्ये, चिठ्ठी लावून ठेवायलाच हवं.

तेव्हा कार्यकारिणीला माझी सूचना अशी. यंदाच्या दिवाळी कार्यक्रमात कॉफीचं टेबल पूर्णपणे तरुण मुलांकडे द्या. खरेदी त्यांची, पद्धत त्यांची, मध्येच जाऊन "अजून उकळू दे" म्हणायचं नाही. आजवर आपण त्यांना खुर्च्या उचलायला आणि पार्किंग दाखवायला बोलावलं. ज्यात त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं एकही काम दिलं नाही. चहा नेहमीप्रमाणे काकूमंडळींकडेच राहू द्या, तिथे ढवळाढवळ करण्याची माझी हिंमत नाही.

जायफळ आणि किसणी मी घेऊन येतो.