यात डोरियन दिसला कुठे?

'समरटाइम' डोरियनमध्ये आहे, असं ठणकावून सांगणाऱ्या व्हिडिओंचा मला आता वैताग आलाय. गर्शविनची १९३५ची मूळ चाल नुसती गुणगुणून बघा. सा, कोमल ग, म, प, कोमल नी. आणि एका ओळीच्या शेवटी येणारा रिषभ. धैवत? नाहीच. डोरियन आणि एओलियन, म्हणजे आपले काफी आणि आसावरी थाट, यांत फरक फक्त धैवताचा. जो साक्षीदार आलाच नाही, त्याच्या जबानीवर निकाल कसा देता?

हा गुन्हा मीही केलाय. चालीतले स्वर मोजून मोड सांगणारा प्रोग्रॅम लिहिला होता. त्यानं झटकन 'डोरियन' सांगितलं, मी खुशीत ग्रुपवर टाकलं. नंतर कोड उघडला, तर धैवत सापडला नाही की यादीतलं पहिलं नाव द्यायचं, असं मीच लिहून ठेवलेलं! तोवर महिनाभर त्या गाण्यावर कोमल धैवत लागला की मी चुकलो समजून थांबत होतो.

'ऑटम लीव्ह्ज'मध्ये उलटा घोळ. पहिल्या आठ मात्राखंडांतच दोन्ही धैवत, दोन्ही निषाद. लावा एकच लेबल!

१९५९च्या 'सो व्हॉट'ला डोरियन म्हणा, माइल्स डेव्हिसनं ते बांधलंच तसं. 'समरटाइम'वरही खुशाल वाजवा. पण ती निवड तुमची, गर्शविनच्या नावावर खपवू नका.

माझा प्रोग्रॅम आता 'ठरवता येत नाही' म्हणतो. ग्रुपवर विचारतात, बग कधी काढणार?