आंतल्या माणसाचें स्वातंत्र्य

गेल्या महिन्यांत श्राद्धाच्या निमित्तानें आमचें सारें कुटुंब एकत्र जमलें होतें. जेवणें आटोपून ओसरीवर पानसुपारी चालली असतां धाकट्या पुतण्यानें सहज म्हणून एक सिद्धांत मांडला. "काका, इस्लामांत सुधारणा होणें शक्यच नाहीं. मग त्यांच्या धर्मस्वातंत्र्याचें एवढें कौतुक कशाला?" मुलगा शिकलेला आहे, दुष्ट तर मुळींच नाहीं, आणि असलें बोलणें आजकाल सुशिक्षित घरांतून इतकें ऐकूं येतें कीं, त्याला एकट्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. मीं त्या वेळीं उत्तर दिलें नाहीं. तें येथें देतों.

'शक्यच नाहीं' हा शब्द इतिहासाला ठाऊक नाहीं. एका दमांत तीनदां तलाक उच्चारण्याची रीत घ्या. मुसलमानांचे धर्मशास्त्रीच तिला 'बिद्दत', म्हणजे मागाहून घुसलेली वाईट चाल, म्हणत आले आहेत. असा तिहेरी उच्चार एकच समजावा, असा कायदा इजिप्तनें १९२९ सालींच केला. ट्युनिसियानें १९५६ सालीं बहुपत्नीकत्वास बंदी घातली. इजिप्तांतीलच अली अब्दुर्राझिक हे शरियतीचे न्यायाधीश. इस्लामनें राज्याचा कोणताही विशिष्ट सांचा घालून दिलेला नाहीं, असें त्यांनीं १९२५ सालीं ग्रंथ लिहून प्रतिपादिलें. त्याबद्दल अल्-अझरच्या पंडितांनीं त्यांची विद्वत्पदवी काढून घेतली व त्यांची न्यायाधिकाराची जागाही गेली. सारांश, सुधारणा सांगणारा मनुष्य तेथेंही जन्मतो, आणि त्याला वाळींत टाकणारेही तेथेंच भेटतात. आपल्याकडे तरी निराळें काय होतें? मुंबई प्रांतांत हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी झाली ती १९४६ सालीं, आणि सर्व देशांत १९५५ सालीं!

आतां आपल्या रत्नागिरी जिल्ह्याकडे वळूं. चिपळूणजवळच्या मिरजोळी गांवीं १९३२ सालीं हमीद दलवाई जन्मले. राष्ट्र सेवा दलांत वाढले. 'लाट' व 'इंधन' हीं पुस्तकें लिहून मराठी वाङ्मयांत त्यांनीं नांव मिळविलें. ललितलेखक म्हणून सुखानें जगतां आलें असतें. तें त्यांनीं केलें नाहीं. १८ एप्रिल १९६६ रोजीं अवघ्या सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा त्यांनीं मुंबईस विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीकत्व बंद करा, सर्वांस एकच नागरी कायदा लागू करा, एवढेंच मागणें. सात हा आंकडा पाहून हंसूं येईल. परंतु त्या सात जणींना घरीं परतायचें होतें, त्याच मोहल्ल्यांत, त्याच शेजाऱ्यांत. हें ज्यास उमजेल तो हंसणार नाहीं. पुढें २२ मार्च १९७० रोजीं पुण्यास 'मुस्लिम सत्यशोधक मंडळ' निघालें. जोतीरावांच्या समाजाचें नांव बुद्ध्याच घेतलेलें होतें. दलवाई १९७७ सालीं गेले, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं. आपलें दफन न करतां कोणत्याही धर्मविधीवांचून दहन करावें, अशी त्यांची इच्छा होती व ती पाळली गेली. त्याच जिल्ह्यांतल्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला, तेव्हां गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला होता, याची आठवण पुतण्यास करून देतों.

माझें म्हणणें एवढेंच आहे कीं, धर्मस्वातंत्र्य हें मूळांत माणसाचें असतें. जमातीच्या पुढाऱ्यांचें नव्हे. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानें सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य दिलें आहे तें प्रत्येक व्यक्तीला. नमाज पढण्याचें जसें, तसेंच न पढण्याचें. आणि आपल्याच मौलवीस अथवा भटजीस 'मला हें पटत नाहीं' असें तोंडावर सांगण्याचेंही. पण व्यवहारांत काय घडतें? इंदूरच्या शाहबानो बाईंस नवऱ्यानें उतारवयांत सोडलें. खालच्या कोर्टानें महिना पंचवीस रुपये पोटगी ठरविली. हायकोर्टानें ती एकशें एकोणऐंशी रुपये वीस पैसे केली. २३ एप्रिल १९८५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठानें, ती कायम केली. देशभर गिल्ला झाला. जिंकलेल्या त्या वृद्धेनें त्याच वर्षीं निकाल आपणांस नको असें जाहीर केलें, आणि १९८६ सालीं संसदेनें निराळाच कायदा केला. यांत धर्मस्वातंत्र्य कोणास मिळालें? तिला तर खास नाहीं. तिहेरी तलाक घटनाबाह्य ठरण्यास २०१७ साल उजाडावें लागलें. पुढें २०१९ च्या कायद्यानें नवऱ्यास तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास सांगितला. तुरुंगांतला नवरा पोटगी कोठून देणार, ही शंका मला अद्याप छळते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, मुसलमान. संस्कृतांत वर्गांत पहिली येत असे. आतां स्वतः शिक्षिका आहे. मध्यंतरीं भेटीस आली असतां मीं मोठ्या आवेशानें या विषयावर बोलूं लागलों. तिनें ऐकून घेतलें व मग सौम्यपणें म्हणाली, "सर, बाहेरून टोमणे येतात, तेव्हां आम्हांला घरांत भांडतां येत नाहीं. लगेच म्हणतात, तूं त्यांची झालीस." मला चपराक बसल्यासारखें झालें. आपल्या ओसरीवरच्या गप्पांनीं आपण तिच्या मौलवींचे हात बळकट करतों, हें माझ्या ध्यानींच आलें नव्हतें.

म्हणून पुतण्यास मीं दुसऱ्या दिवशीं माजघराच्या दाराशींचा खांब दाखविला. तेथें आमच्या आजोबांची बहीण बसत असे. आम्ही मुलें तिला 'सोवळी आजी' म्हणत असूं. अकराव्या वर्षीं वैधव्य आलें. तेव्हांपासून लाल आलवण, एक वेळचें जेवण, आणि महिन्याकाठीं परसदारानें येणारा न्हावी. आजोबा व्युत्पन्न होते. पराशरस्मृतींतलें पुनर्विवाहाचें वचन त्यांस मुखोद्गत होतें. विधवाविवाहाचा कायदा तर १८५६ सालींच झालेला. परंतु तें वचन या घरांत त्यांनीं कधीं उच्चारलें नाहीं. तिला काय हवें, हें विचारण्याचें कोणास सुचलें नाहीं. ही सारी तिच्या धर्माची बाब होती ना!

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्यानें विचारलें, "काका, तिचें नांव काय हो?" मला आठवेना. आजोबांच्या हातची वंशावळ काढून दोघांनीं पाहिली. तींत पुरुषांचींच नांवें आहेत.