शोधावर पहारा हवा

मोठ्या कंपन्यांतून आता अंतर्गत शोधयंत्रे रूढ झाली आहेत. एका कागदासाठी चार टेबलांपुढे तिष्ठण्याची पाळी त्यामुळे टळली, हे स्वागतार्हच होय. परंतु त्याच शोधात सहकाऱ्याचे वेतन, कोणाच्या आजारपणाचा दाखला किंवा कोणाविरुद्धच्या चौकशीचा अहवाल हाती लागू लागला, तर त्या सोयीस संकटच म्हटले पाहिजे.

याचे कारण साधे आहे. शोधयंत्र सर्व कागद आधीच वाचून त्यांची सूची करून ठेवते. कागदास कुलूप आणि सूची मात्र उघडी, अशी स्थिती असली की कागद न उघडताही त्याचे शीर्षक व दोन ओळी वाटेल त्याच्या दृष्टीस पडतात. ‘अमुक शाखा बंद करण्याचा प्रस्ताव’ एवढे शीर्षकच अनर्थास पुरेसे नाही काय? खाजगी संकेतस्थळाचा पत्ता कोणास ठाऊक नाही, या भरवशावर राहणे तर निव्वळ भाबडेपणा होय.

सढळ हाताने वाटलेल्या प्रवेशाचे फळ अमेरिकेने भोगले आहे. २००१ च्या हल्ल्यानंतर तेथील सरकारी खात्यांनी परस्परांस माहिती अधिक खुली केली. पुढे मॅनिंग या कनिष्ठ सैनिकाने अडीच लाखांवर राजनैतिक संदेश बाहेर नेले आणि २०१० मध्ये ते प्रसिद्ध करण्यास विकिलीक्सने आरंभ केला. त्या प्रकटनाच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद आहेत. पण एवढे भांडार एका कनिष्ठाच्या हाती का असावे, या प्रश्नास उत्तर नाही.

म्हणून सर्वच कागदांस टाळे ठोकावे, असे आम्ही म्हणत नाही. तसे केल्यास कामच खोळंबेल. ज्यास जेवढे काम, त्यास तेवढाच प्रवेश, हा नियम असावा. तो हुद्द्यावरून ठरू नये. प्रत्येक शोधाच्या वेळी विचारणाऱ्याचा अधिकार तपासला जावा, बदली होताच जुना अधिकार संपावा आणि कोणी काय पाहिले याची नोंद राहावी.

आपल्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु दंडाच्या धाकाने जागे होणे चालकांस शोभत नाही. नोकरीत शिरताना मनुष्य आपली खाजगी माहिती विश्वासाने स्वाधीन करतो. ती ठेव आहे आणि ठेवीची राखण हे मालकाचे पहिले कर्तव्य आहे.