किल्ले पैशानेही पडतात, हे हॉर्शमला सांगा

लंडनच्या दक्षिणेला, वेस्ट ससेक्समध्ये हॉर्शम नावाचे एक गाव आहे. 'टोटल वॉर' ही युद्धखेळांची मालिका बनवणारी 'क्रिएटिव्ह असेंब्ली' ही कंपनी तिथली. २००० साली 'शोगन'ने सुरुवात झाली आणि पुढे रोम, मध्ययुगीन युरोप, नेपोलियन असे एकेक काळ पडद्यावर आले. साचा मात्र कायम राहिला. नकाशावर पाळीपाळीने फौजा हलवायच्या, कर बसवायचे, तह करायचे. आणि फौजा भिडल्या की डोळ्यांदेखत चाललेल्या लढाईत हुकूम सोडायचे. मार्च २००९ मध्ये आलेल्या 'एम्पायर'मध्ये ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया यांच्या पंगतीला मराठेही आहेत. मोहीम सुरू होते ती १७०० साली. मराठी खेळाडू ब्रिटनचा झेंडा उचलेल ही शक्यता तशी कमीच.

शहर घेण्याची या खेळातली रीत मुरलेल्यांना पाठ असते. आधी शत्रूची मुख्य फौज उघड्या मैदानात गाठून मोडायची, म्हणजे शहरात शिबंदी तेवढी उरते. मग सगळ्या तोफा तटाच्या एकाच पट्ट्यावर रोखायच्या आणि खिंडार पडेपर्यंत पायदळ मागे राखायचे. त्याच वेळी भलत्याच बाजूने दोर टाकून दोन-तीन पलटणी चढवायच्या. आतले लोक दोन्हीकडे धावतात आणि कुठेच पुरे पडत नाहीत. घोडदळ बाहेर ठेवायचे, पळणाऱ्यांसाठी. घाई नसेल तर नुसता वेढा घालून पाळ्यांमागून पाळ्या घालवायच्या. रसद संपली की आतल्यांना एकतर बाहेर येऊन लढावे लागते, नाहीतर शहर सोडावे लागते.

हे सगळे ठाकठीक आहे. गंमत अशी की खेळाने निवडलेल्या त्याच १७०० साली दख्खनमध्ये किल्ले पडत होते ते बहुतांशी वेगळ्याच रीतीने.

डिसेंबर १६९९ पासून औरंगजेब स्वतः साताऱ्याला वेढा घालून बसला होता. मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तरी किल्ला लढत राहिला. एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. त्यातला एक उलटा फुटला, तटाचा ढिगारा बाहेर कोसळला आणि हल्ल्यासाठी टपून बसलेले मोगल सैनिकच मोठ्या संख्येने त्याखाली गाडले गेले. इतके करून किल्ला शेवटी वाटाघाटींनी खाली झाला. पुढच्या पाचेक वर्षांत परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड असे एकामागून एक गड बादशहाकडे गेले. त्यांतल्या अनेकांसाठी त्याला थैल्या मोकळ्या कराव्या लागल्या. १७०४ मध्ये पडलेला तोरणा तेवढा निव्वळ हल्ल्याने गेला, असे सांगतात. मराठे पैसे घेत, माणसे शाबूत ठेवत आणि संधी मिळताच गड परत घेत. १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरजवळ मेला आणि १७०८ च्या जानेवारीत शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो साताऱ्यातच.

'एम्पायर'मध्ये यातले काय आहे? फारसे काही नाही. आणि हे हॉर्शमकरांना सुचले नव्हते असेही नाही. २००४ च्या 'रोम'मध्ये वकील पाठवून शत्रूची शिबंदी विकत घेता येत होती आणि आधी हेर घुसवला असेल तर वेशीचा दरवाजा आतून उघडण्याची शक्यता असे. 'एम्पायर'पर्यंत येताना नकाशावर फिरणारा तो वकील काढून टाकला गेला आणि तहाची बोलणी राजाराजांपुरती एका वेगळ्या खिडकीत गेली. बादशहाशी करार करता येतो, पण साताऱ्याच्या किल्लेदाराशी बोलता येत नाही. ज्या मुलखात किल्लेदार हा स्वतंत्र खेळाडू होता, नेमके तिथेच त्याचे तोंड बंद केले गेले.

इंग्लंडचा स्वतःचा इतिहासही या बाबतीत काही निराळा नाही. केंट परगण्यातल्या रॉचेस्टरच्या किल्ल्यात १२१५ साली बंडखोर सरदार जाऊन बसले तेव्हा जॉन राजाने बालेकिल्ल्याच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणले आणि त्याला आधार देणारी लाकडे जाळण्यासाठी चाळीस लठ्ठ डुकरे मागवली. चरबीच्या आगीत कोपरा कोसळला. आजही तिथले तीन मनोरे चौकोनी आणि नंतर बांधलेला चौथा गोल दिसतो. ही गोष्ट पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. पण कोपरा पडल्यावरही आतले लोक मधल्या भिंतीआड जाऊन लढत राहिले. ते शरण आले ते उपासमारीने.

दोन रीतींमधला फरक एकाच माणसाच्या कारकिर्दीत पाहायचा तर आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, घ्यावा. ८ ऑगस्ट १८०३ ला त्याने अहमदनगरची पेठ शिड्या लावून सुलतानढव्याने घेतली. किल्ल्यावर मात्र तोफा लावल्या आणि बोलणीही चालू ठेवली. १२ तारखेला किल्लेदार अटींवर बाहेर पडला. नऊ वर्षांनी स्पेनमधल्या बादाहोसला त्याने खिंडारातून थेट हल्ला केला. शहर मिळाले, पण त्या वेढ्यात त्याची सुमारे पावणेपाच हजार माणसे मेली किंवा जखमी झाली आणि बेभान झालेले त्याचेच सैनिक कित्येक दिवस शहर लुटत राहिले. हॉर्शमने २०१० मध्ये याच स्पेनच्या युद्धावर वेगळी मोहीम काढली. बादाहोस कसे घ्यावे हे त्यातून कळेलही. ते टाळावे कसे, याचा डाव मात्र तिथे मांडलेला नाही.

सर्वांत पूर्ण नमुना वसईचा आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे आणि साष्टी घेतली. १७३९ च्या सुरुवातीला माहीम, केळवे, तारापूर गेले आणि वसई एकटी पडली. मग चिमाजी अप्पांनी मोर्चे लावले, बुरुजाखाली सुरुंग पेरले आणि मे महिन्यात तट फुटला. इथवर कोणताही खेळाडू कौतुकाने मान हलवेल. पुढचा भाग खेळात नाही. खिंडार पडले होते, मराठ्यांची अपरिमित हानी झाली होती, सूड घ्यायला निमित्त भरपूर होते. तरीही पोर्तुगीजांना बायकामुले, हत्यारे आणि चीजवस्तू घेऊन जाऊ देण्याचा तह झाला, आणि मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. शेजारच्या मुंबईतले इंग्रज हे पाहत होते. दोनच महिन्यांत त्यांनी कॅप्टन इंचबर्डला पाठवून चिमाजी अप्पांशी तह केला. एका शहराचा कौल पुढच्या शहराच्या तटावर असा ऐकू जातो.

'रोम'मध्ये शहर पडल्यावर तीन पर्याय समोर येत: ताबा घ्या, लोकांना गुलाम करा किंवा कत्तल करा. लांबच्या मोठ्या शहरात कत्तलच परवडते, हे खेळाडू पटकन शिकत, कारण उरलेली थोडी वस्ती बंड करत नाही. हा हिशेब खेळाने शिकवला, त्यामुळे दोष खेळाडूला देता येत नाही. 'एम्पायर'ने परक्या सत्तेविरुद्धचा रोष मोजायला सुरुवात केली आणि जिंकलेल्या प्रांताला करमाफी देऊन तो सोसण्याची सोय दिली, ही सुधारणा खरीच. अमेरिकेत बनलेल्या 'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या खेळात २०१८ पासून निष्ठेचा आकडा आला. जिंकलेले शहर आसपासच्या शत्रूवस्तीच्या ओढीने हातचे जाऊही शकते. पण पुढच्या किल्लेदाराने मागच्या किल्ल्याचे काय झाले हे ऐकून आपला निर्णय घ्यावा, एवढी साधी गोष्ट अजून कोणी नीट बसवलेली नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो: लोक तोफा पाहायला पैसे देतात, बोलणी वाचायला नाही. ते पटत नाही. किती रक्कम, किती मुदत, हत्यारांसह की हत्यारांशिवाय, मदतीची फौज येईपर्यंत बोलणी लांबवायची की नाही, हा सगळा डावपेचच आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी खेळता येतो. गड विकून त्या पैशांत फौज उभी करायची आणि पुन्हा तोच गड घ्यायचा, अशी मराठ्यांची मोहीम हॉर्शमने एकदा बनवून पाहावी. तेवढ्यात आणखी एक दुरुस्तीही उरकून घ्यावी. 'एम्पायर'मध्ये वर्षाच्या दोन पाळ्या आहेत, उन्हाळा आणि हिवाळा. पावसाळा नाहीच, आणि १७०० च्या जूनमध्ये परळी घेऊन परतणाऱ्या औरंगजेबाच्या फौजेची दैना केली ती मराठ्यांइतकीच भरून वाहणाऱ्या नद्यांनी.