आपला कोण त्यात?

भूगावात तालमीची माती लागलेली माणसे पुष्कळ. 2017 सालची महाराष्ट्र केसरी इथेच झाली; अभिजित कटकेने किरण भगतला हरवले. हरलेला मल्ल दुसऱ्या वर्षी लिलावात जात नाही, तो आपल्या वस्तादाकडे परततो. म्हणून क्रिकेटचा विषय निघाला की इथे पहिला प्रश्न येतो, ‘आपला कोण त्यात?’

पुणे वॉरियर्सच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर नव्हते. 2011 ते 2013 असे तीन हंगाम हा संघ आयपीएलमध्ये खेळला आणि दर हंगामात चारच सामने जिंकला. आधी दहांत नववा, मग नवांत शेवटचा, मग आठवा. पहिल्या वर्षी तर पुण्याच्या नावाचा हा संघ घरचे सामने नवी मुंबईत खेळला! कर्णधार युवराज सिंग, मग सौरव गांगुली, पुढे एकाच हंगामात अँजेलो मॅथ्यूजवरून ॲरन फिंच. युवराज 2012 मध्ये कर्करोगाच्या उपचारांमुळे खेळू शकला नाही, तो बदल नाइलाजाचा. बाकीच्यांचे काय?

मी बँकेत होतो. वसुली तुंबलेल्या शाखेत वर्षाला नवा मॅनेजर धाडण्याची रीत जवळून पाहिली आहे. त्याला गावातली घरे, पिके, भाऊबंदकी उमगेपर्यंत बदलीचा कागद येतो, आणि थकबाकी जिथल्या तिथे. माझे म्हणणे एवढेच, की हरणाऱ्या संघातला कर्णधार आणि चार-पाच इथली पोरे निदान तीन वर्षे हलवू नयेत.

कुणी म्हणेल, बदल कधी लागूही पडतो. कबूल. 2016 मध्ये आलेला रायझिंग पुणे संघ धोनीच्या हाताखाली आठांत सातवा होता. 2017 मध्ये स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला आणि अंतिम सामना मुंबईकडून अवघ्या एका धावेने गेला. पण त्या वर्षी 10 लाखांत घेतलेला, महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी सलामीला धावा काढत होता. भूगावकरांना उत्तर मिळाले होते, आणि मुळातच दोन वर्षांसाठी असलेला तो संघ मोडला. त्रिपाठी राजस्थानकडे गेला.

दोन वर्षांच्या बंदीनंतर परतलेल्या चेन्नईने धोनीला मात्र पुन्हा आपल्याकडे घेतले. 2018 मध्ये तिकडच्या कावेरी आंदोलनामुळे त्यांचे घरचे सामने आपल्या गहुंज्यात आले. त्यांच्यामागे चेन्नईहून पिवळ्या सदऱ्यांनी भरलेली आख्खी रेल्वेगाडी पुण्याला आली होती.