आकडा बरोबर, जागा चुकीची

रक्ततपासणीच्या अहवालावर साखर नुसतीच ‘१००’ लिहिलेली असेल, तर कोणताही डॉक्टर आधी दोन प्रश्न विचारतो. कोणत्या एककात? आणि उपाशीपोटी की जेवणानंतर? आपल्याकडे जी साखर मिलिग्रॅममध्ये १०० म्हणून छापली जाते, तीच ब्रिटनमधील प्रयोगशाळा मिलिमोलमध्ये ५.६ अशी छापते. रक्त तेच, साखर तेवढीच, आकडे मात्र वेगळे. एकक आणि वेळ गाळली की बिनचूक तपासणीचा अहवालही दिशाभूल करतो.

जमिनीवरील जागेचेही असेच आहे. अक्षांश-रेखांश म्हणजे त्या जागेचा कायमचा पत्ता, अशी आपली समजूत असते. पण हे आकडे कोणत्या संदर्भचौकटीतले आणि कोणत्या तारखेचे, हे सोबत लिहिलेले नसेल तर तो पत्ता अपुरा असतो. मोठ्या शहरात याने फारसे बिघडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीडसारख्या तालुक्यात मात्र बिघडू शकते. येथे धानाची बांधी संपते तिथेच अनेकदा जंगल सुरू होते. तालुक्याचे वन ब्रह्मपुरी वनविभागात येते आणि घोडाझरी तलावाच्या परिसराला २०१८मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. शेत कुणाचे, वन कुणाचे, अभयारण्याची हद्द कुठली, हे सारे शेवटी नकाशावरच्या रेषेने ठरते.

हे नकाशे एका काळात तयार झालेले नाहीत. भारताच्या शास्त्रशुद्ध मोजणीला १८०२मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ सुरुवात केली. दोन दशके ही मोजणी उत्तरेकडे नेत असताना १८२३मध्ये विदर्भातच, हिंगणघाट येथे, त्यांचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हे काम चालवले आणि १८३०मध्ये पृथ्वीच्या आकाराचे गणित मांडले. भारतीय उपखंडाला चपखल बसेल असा तो लंबगोल होता. मध्य प्रदेशातील कल्याणपूर हा मूळ बिंदू धरून त्यावर देशाचे नकाशे उभे राहिले. वनखात्याच्या आणि महसूल खात्याच्या कपाटांतील जुन्या स्थलदर्शक नकाशांचा पाया हाच.

आजच्या मोबाइलमधील जीपीएस या चौकटीत बोलत नाही. उपग्रहांची चौकट साऱ्या पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेली आहे. नागभीडच्या परिसरात या दोन चौकटींतील फरक दीडशे मीटरहून अधिक भरतो. म्हणजे जुन्या नकाशावरून उचललेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएस यंत्रात भरले, तर माणूस दीडशे मीटर लांब जाऊन उभा राहील. वनहक्क कायद्यानुसार एका दाव्यात जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन मिळते. चौरस धरली तर तिची एक बाजू होते २०० मीटर. ती बाजूच्या दिशेने दीडशे मीटर सरकली, की पाऊण शेत दुसऱ्याच जागेवर जाऊन पडते. जमीन तिथेच, कसणाराही तिथेच. कागदावर मात्र तो राखीव वनात अतिक्रमण करणारा ठरू शकतो.

यात भर आहे ती काळाची. भारताचा भूखंड ईशान्येकडे वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर सरकतो आहे. शेत, बांध, हद्दीचा दगड आणि शेजारचे झाड हे सारे एकत्रच सरकत असल्याने गावात कुणाला ते जाणवत नाही. धावत्या गाडीत आपले आसन बदलत नाही, बाहेरचा किलोमीटरचा दगड बदलतो, तसेच हे. पण उपग्रहाच्या चौकटीत त्या दगडाचे आकडे दरवर्षी बदलतात. वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ ही ताब्याची तारीख ठरवली. तेव्हापासून आजवर हा फरक सुमारे एक मीटर झाला आहे. मोबाइलची स्वतःचीच चूक चार-पाच मीटर, दाट झाडीत त्याहून जास्त असते, त्यामुळे तिथे हा एक मीटर बुडून जातो. भूमी अभिलेख विभागाचे मोजणीदार आता रोव्हर वापरतात आणि ते काही सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजते. तिथे एक मीटर म्हणजे शेजाऱ्याशी भांडणाला पुरेसे कारण. ऑस्ट्रेलियाचा भूखंड वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. १९९४च्या चौकटीवरून २०२०च्या चौकटीवर जाताना त्या देशाने आपले सारे आकडे सुमारे १.८ मीटरने बदलून घेतले.

एका चौकटीतील आकडे दुसऱ्या चौकटीत नेण्याचे काम संगणकप्रणाली करते. यातील बहुतेकांच्या मुळाशी ‘प्रोज’ नावाची मुक्त प्रणाली आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील जेराल्ड एव्हेंडेन यांनी १९८०च्या दशकात ती लिहायला घेतली. सरकारी कार्यालयांत आणि स्वयंसेवी संस्थांत फुकट वापरल्या जाणाऱ्या ‘क्यूजीआयएस’च्या आत तीच काम करते. तिचे गणित सात आकड्यांवर चालते: तीन दिशांना किती सरकवायचे, तीन अक्षांभोवती किती फिरवायचे आणि किती ताणायचे. यातील प्रत्येक आकडा वर्षाला किती बदलतो हे आणखी सात आकडे सांगतात. २०१८च्या आवृत्तीपासून या प्रणालीत काळाचाही हिशेब करता येतो. पण त्यासाठी मोजणीची तारीख तिला माणसानेच सांगावी लागते.

खरी मेख इथेच आहे. तारीख सांगितली नाही म्हणून प्रणाली अडून बसत नाही. चौकट चुकीची सांगितली तरी ती उत्तर देते, आणि तेही दशांश चिन्हापुढे आठ अंकांसह. अंशाचा आठवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे एक मिलिमीटर. दीडशे मीटर चुकलेली जागाही अशी मिलिमीटरच्या थाटात छापून येते आणि पाहणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. जुन्या भारतीय चौकटीसाठी साऱ्या देशाचे सरसकट आकडे वापरले, तर रूपांतरानंतरही दहा-वीस मीटरची चूक उरू शकते. स्थानिक खुणांशी ताडून पाहिल्याशिवाय ती कळत नाही.

प्रश्न केवळ जमिनीचा नाही. हिवतापाचा रुग्ण कोणत्या पाड्यावरचा, फ्लोराइडयुक्त पाण्याची विहीर कोणती, सर्पदंश झालेल्या माणसाला नेण्यासाठी रुग्णवाहिका कुठे पाठवायची, हेही आता नकाशावर नोंदवले जाते. एका खात्याचे आकडे एका चौकटीतले आणि दुसऱ्याचे दुसऱ्या चौकटीतले असतील, तर दोन्ही एकत्र ठेवताच विहीर एका टोल्यावर आणि तिचे पाणी पिणारी माणसे दुसऱ्या टोल्यावर दिसू लागतात.

उपाय खर्चिक नाही. वनहक्काच्या प्रत्येक नकाशावर तीन गोष्टी ठळक छापाव्यात: कोणती चौकट, मोजणीची तारीख, आणि रूपांतर केले असल्यास कोणत्या आकड्यांनी. रूपांतरानंतर यंत्रातील मूळ नोंदी पुसू नयेत. प्रत्येक गावात निदान दोन-तीन पक्क्या, जुन्या खुणांवर नकाशा ताडून पाहावा. वन, महसूल आणि भूमी अभिलेख या तिन्ही खात्यांनी जिल्ह्यापुरते एकच रूपांतर ठरवून ते जाहीर करावे आणि या साऱ्याची प्रत ग्रामसभेला द्यावी.

वनहक्काच्या नियमांत २०१२च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे की उपग्रह प्रतिमा आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा घेणारे नाहीत. गावातील वृद्धांचा जबाब, जुनी विहीर, बांध, देवस्थान हेही पुरावेच. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, तो आपले जंगल पायाखाली घालून ओळखणाऱ्या माणसांच्या बळावर. पडद्यावरचा नकाशा आणि जमिनीवरची खूण यांत तफावत आढळली, तर दावा फेटाळण्याआधी नकाशाची चौकट आणि तारीख तपासली गेली पाहिजे. रुग्णाची प्रकृती आणि अहवाल जुळेनासे झाले, की शहाणा डॉक्टर आधी अहवाल पुन्हा तपासून घेतो.